ह्यांच्या नावाचा मीटर

२ डिसेंबर २००८, मंगळवार

ही डायरी अनघाने दिली. अनघा माझी नात, नंदकिशोरची मुलगी. पुण्याला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. डायरी कंपनीचीच आहे, जाड पुठ्ठ्याची, वर्षभर कोरी पडलेली. पहिलं पान तिने ब्लेडने कापून काढलं, त्यावर कंपनीचं नाव होतं म्हणे. मी म्हटलं, राहू द्यायचं, शोभा असते. तर म्हणाली, "आजी, डायरी तुही, मंग नाव त्यायचं कायले?" किती समज आहे पोरीला.

मी चौथीपर्यंत शिकली. पण ह्यांनी लग्नानंतर रोज पेपर वाचून घेतला माझ्याकडून, मोठ्याने, चूल पेटलेली असताना. म्हणून बोलताना मले-तुले करते आणि लिहायला बसली की पुस्तकातली बाई होते. हे जाऊन नऊ वर्षं झाली. सरकारी कापूस केंद्रावर ग्रेडर होते. गाडीत हात घालून कापूस कसा, ओल किती, ते सांगायचं काम. सगळा कळंब तालुका ओळखत होता त्या हाताला.

अनघा दिवाळीला आली ती अजून आहे. कंपनीने लांब सुटी दिली. एवढी सुटी तर तहसीलदारालाही मिळत नाही, आणि तहसीलमधल्या कारकुनाला, म्हणजे आमच्या नंदकिशोरला, तर नाहीच. कंपनीचा जीव आहे तिच्यावर.

५ डिसेंबर, शुक्रवार

अनघाची खोली झाडली. किती सामान आणलं आहे तिने. गादी, बादली, कुकरसुद्धा. सुटीत कुकर कोण आणते? पुण्यात चोऱ्या होत असतील, मागे ठेवायची सोय नसेल. तिच्या गळ्यात घालायचा कंपनीचा निळा पट्टा टोपलीत पडला होता. चांगला मजबूत आहे. मी विचारलं, हा मच्छरदाणीला बांधू का. म्हणाली, बांध. खुशाल बांधला.

पोरगी खात मात्र नाही. एक पोळी, तीही तुकडे करून ताटात फिरवते. पुण्याच्या पाण्याने पोट बिघडलं असेल, म्हणून ओवा दिला. टीव्हीवर अमेरिकेतल्या मंदीचं सांगत होते, तर नंदकिशोरने एकदम बंद केला. मी म्हटलं, पाहू दे की, अमेरिका दिसते तेवढीच. तो म्हणाला, "आई, तू शेंगा सोल."

८ डिसेंबर, सोमवार

आज हरिसिंग आला होता. यवतमाळ रस्त्यावर त्याचं जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. ह्यांच्या हाताखाली शिकला, आता स्वतःच्या फाटकाचा मालक आहे. मला अजून काकू म्हणतो आणि चहा बशीत ओतूनच पितो.

त्याची अडचण अशी. या साली कापूस कमी आणि भांडणं जास्त. फाटकाबाहेर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहतात, माणसं चिडलेली. ग्रेडरने गाडी परत केली की म्हणतात, हा आपल्या माणसाचीच घेतो. म्हणून हरिसिंगने ओल मोजायचा मीटर आणला आहे, लांब सळईचा. सळई गाडीत खुपसली की आकडा येतो. तो आकडा कॉम्प्युटरने घ्यावा आणि बारा टक्क्यांपर्यंत असला तर 'घ्या', वर गेला तर 'परत' अशी चिठ्ठी काढावी. म्हणजे कोणाला बोलायला जागा नाही.

"बेटा, करून देशील का तू?" त्याने अनघाला विचारलं. "नागपूरवाला बनवून देतो म्हणते, पण तुमच्या घरचा हात असन तर लोकं मानतीन."

अनघा म्हणाली, "करतो काका. पण चाललं तर मले लिहून द्या, की हे मी बनवलं आणि तुमच्याकडे चालू आहे. तेवीस तारखेच्या आत पाहिजे."

तेवीसला तिला नागपूरला बोलावलं आहे. तिच्या कंपनीची तिकडे शाखा निघत असेल, वरची जागा देणार असतील. हरिसिंगच्या कागदावर ती जागा अडली आहे एवढं मला कळलं, कारण तो गेल्यावर ती खिडकीशी उभी राहून नखं खात होती. ही सवय तिची सातवीत सुटली होती.

९ डिसेंबर, मंगळवार

आज फार मजा झाली.

अनघा लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली आणि मी शेजारी तूर निवडत. मी विचारलं, मीटर तर जिनिंगमध्ये आहे, तू इथे बसून काय करून राह्यली. तर म्हणाली, "मीटर नसला तरी चालते आजी. मी खोटा मीटर बनवतो. मॉक म्हणतात त्याले."

"खोटा? हरिसिंगले चालन का?"

"त्याले द्यायचाच नाही. तो फक्त माह्यासाठी, परीक्षा घ्याले. हे पाय, माह्या प्रोग्रामने मीटर स्वतः शोधाले जायचं नाही. आपण बाहेरून त्याच्या हातात द्यायचा. जिनिंगमध्ये खरा देऊ, घरी खोटा देऊ. प्रोग्रामले काही फरक समजत नाही."

हे मला लगेच समजलं. आमच्या सासूबाई कोठीची किल्ली कमरेला ठेवत. तिखट, तेल, डाळ, सगळं त्या बाहेरून हातात देणार आणि मी रांधणार. कोठीत काय आहे ते मी सहा वर्षं पाहिलं नाही. एकदा त्यांनी तिखटाच्या डब्यात हळद दिली, मुद्दाम, मी पाहते की नुसती टाकते ते बघायला. मी टाकली. हे सगळं अनघाला सांगितलं, तर ती म्हणाली, "आजी, सासूबाई माह्या कंपनीत पाहिजे होत्या."

मग तिने मला खेळच करून दाखवला. "तू मीटर. मी प्रोग्राम. मी विचारलं की तू नऊ म्हणायचं."

"कोणता कापूस?"

"कोणताच नाही. नुसतं नऊ म्हण."

"न पाहता कशी म्हणू? पहिल्या वेचणीचा आहे का? झाकून आणला का उघडा?"

"आजी, तू मॉक आहेस. मॉक फक्त शिकवलं तेवढंच बोलते."

चार वेळा करून पाहिलं. मला काही जमलं नाही. दर वेळी तोंडातून दुसरंच निघायचं. शेवटी तिने हात जोडले. पण हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा दात दिसले पोरीचे.

आणि मला एकदम इंदुताई आठवल्या. मारेगावला माझं माहेर. मला पाहायला येणार होते तेव्हा आईची चुलत बहीण इंदुताई चार दिवस आधी येऊन राहिल्या आणि खोट्या सासू झाल्या. मामाचा चष्मा नाकावर, पदर कपाळापर्यंत, खाटेवर मांडी घालून बसायच्या. "किती माणसांचा स्वयंपाक येते? शिवण येते का? वाचून दाखव." मी चहाचा ट्रे घेऊन यायची आणि पाठ केलेलं बोलायची. चुकली की पुन्हा दारापासून. चौथ्या दिवशी माझं सगळं पाठ. इंदुताई म्हणाल्या, आता ब्रह्मदेव आला तरी पास होशील.

खऱ्या सासूबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरी, तू जेवली का?" हा प्रश्न इंदुताईंनी घेतलाच नव्हता. मी म्हटलं, "हो, शिवण येते."

कोपऱ्यात बसलेले हे हसले. तोंडावर रुमाल धरून हसले. तेव्हा मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

१० डिसेंबर, बुधवार

अनघाने त्या खोट्या मीटरला ह्यांचं नाव दिलं. इंग्रजीत लिहिलं आहे, मला वाचता येत नाही, तिने वाचून दाखवलं. माझे तर कानच तापले. मी जन्मात हे नाव तोंडाने घेतलं नाही, लग्नातला उखाणा सोडून. मतदार यादीवाला येतो तेव्हाही शेजारची हंसाबाई सांगते.

"काही दुसरं ठेव वो," मी म्हटलं.

"काहून? आजोबाच तर होते मीटर."

लिहायला हरकत नाही, तोंडाने घ्यायचं नाही एवढंच, म्हणून लिहिते. नागोराव. छान दिसते अक्षर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सहा ते नऊ लाईट नसते, मग दुपारी. लॅपटॉपचा जीव दोन तास. अनघा भाजी टाकून पळते लाईट आली की. तिच्या पडद्यावर एक पट्टी येते. परीक्षा पास झाली तर हिरवी, नापास झाली तर लाल. आज सगळी हिरवी झाली. नऊ शिकवलं तर 'घ्या' निघाली, पंधरा शिकवलं तर 'परत' निघाली. एकोणतीस परीक्षा घेतल्या, एकोणतीसही पास. मी साखर वाटायची म्हटलं, तर म्हणाली उद्या जिनिंगमधून आल्यावर.

१३ डिसेंबर, शनिवार

साखर वाटली नाही. सगळं नीट लिहिते, म्हणजे माझ्याही डोक्यात बसेल.

मी हट्टाने गेली होती. किती वर्षांनी जिनिंगच्या आवारात पाय ठेवला. सरकीचा तो वास आला आणि मला वाटलं हे आता गोदामातून बाहेर येतील, कानावर कापसाचे तंतू, आणि म्हणतील, तू इथे कशी? हरिसिंगने मला खुर्ची दिली, गादी टाकून. धुई इतकी होती की फाटकातल्या बैलांची नुसती शिंगं दिसत होती.

पहिल्या दोन गाड्या झाल्या. सळई घातली, आकडा आला, चिठ्ठी निघाली. अनघाचा चेहरा उजळला. तिसरी गाडी बसंतीबाईची. तांड्यावरची बाई, एकटीच गाडी हाकत आलेली, कालपासून रांगेत. सळई वरून खुपसली. पंधरा. चिठ्ठी निघाली, 'परत'.

बसंतीबाईने चिठ्ठी उलटी-सुलटी पाहिली. "काय लिहिलं?"

"गाडी परत न्या म्हणते," हरिसिंगचा माणूस म्हणाला.

"कोण म्हणते?"

"मशीन म्हणते."

"मशीन कापूस वेचाले गेलती का?" ती म्हणाली. "हरिसिंगभाऊ, तू सांग. तू सांगशील तर मी बैल वळवतो. हा कागद मले काही सांगत नाही."

हरिसिंग अडचणीत. त्यानेच सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आजपासून मशीन म्हणेल ते. मागच्या गाडीवाले पुढे सरकले. कोणी म्हणालं, बाईमाणूस पाहून परत करता का. अनघा कॉम्प्युटरपाशी उभी, रंग उडालेला. म्हणत होती, बरोबर आहे, पंधरा आहे, बरोबर आहे.

मला बसवलं नाही. मी उठली, पदर खोचला आणि गाडीत हात घातला. वरचा कापूस थंडगार, दवाने भिजलेला. ताडपत्री अपुरी पडली होती, दिसतच होतं. मग चाकाच्या बाजूने घातला, कोपरापर्यंत. आत ऊब होती. कोरडा, मोकळा कापूस. मग मागून, खालच्या अंगाला. तिथेही कोरडा. हे असेच करायचे. वरून, बाजूने, खालून. मग एक बोंडभर काढून गालाला लावायचे. मीही लावला. गालाला लावल्यावर जरा थांबावं लागलं मला.

"हरिसिंग," मी म्हटलं, "वरचा थर बाजूले काढ अन् उन्हात टाक. खालचा सोन्यासारखा आहे."

त्याने स्वतः हात घालून पाहिलं आणि गाडी घेतली. चिठ्ठी फाडली. लोक शांत झाले. बसंतीबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही मशीन कामाची आहे, म्हातारी वाली." सगळे हसले. अनघा सोडून.

नंतर हरिसिंग तिला बाजूला घेऊन बोलला. रागावला नाही, तेच वाईट. "बेटा, तुही मशीन खोटी नाही. पण माह्या फाटकातून अशा दोन गाड्या वापस गेल्या तर तिसऱ्या दिवशी लोकं फाटकालेच कुलूप लावतीन. गुरुवारी अजून एक डाव पाहू. नाही जमलं तर मी नागपूरवाल्याले फोन करतो. अन् कागद मंग कसा लिहून देऊ, तूच सांग."

घरी येऊन जेवली नाही. "सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या," एवढंच म्हणून राह्यली.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी लाईट नव्हती, म्हणून ती रिकामी सापडली. मी वाल सोलायला तिला समोर बसवलं. हात कामात असले की माणूस बोलतो.

"आजी, माह्या टेस्ट चुकीच्या नव्हत्या. मी नागोरावले नऊ म्हणाले सांगतलं, तो नऊ म्हणाला, प्रोग्रामने गाडी घेतली. पंधरा म्हणाले सांगतलं, तो पंधरा म्हणाला, गाडी परत. दोन्ही बरोबर."

"त्यायले किती डाव विचारलं?"

"एकदा. एका गाडीले एकदा."

"मंग ते नव्हतेच," मी म्हटलं. "एकदा हात घालून त्यायनं आयुष्यात गाडी परत केली नाही. तीन ठिकाणी हात घालत. दोन ठिकाणी कोरडी निघाली तर गाडी घेत, ओलं बाजूले वाळवत. वरून कोरडी अन् आतून ओली निघाली तर मंग बोलत. अन् तू नाव त्यायचं दिलं, काम दुसऱ्याचं शिकवलं."

अनघाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे मी जेवढं विचारलं तेवढंच तो बोलला," ती म्हणाली. माझ्याशी नाही, शेंगेशी बोलल्यासारखं. "अन् मले जेवढं माहीत होतं तेवढंच मी विचारलं."

मी म्हटलं, इंदुताईंचंही तेच झालं होतं. त्यांना काय ठाऊक माझी सासू जेवणाचं विचारेल. ठाऊक असतं तर तेही पाठ करून घेतलं असतं. इंदुताई पुढे उमरखेडला राहायला गेल्या, त्यांच्या दारात सीताफळाचं झाड होतं, त्याला एवढी फळं यायची की. पण ते राहू द्या. अनघा ऐकत नव्हती, लॅपटॉपकडे पाहून राह्यली होती, लाईट कधी येते म्हणून.

नऊला लाईट आली. तिने नागोरावला नवीन शिकवलं. पहिल्यांदा विचारलं तर पंधरा, मग नऊ, मग आठ.

"असं शिकवता येते?" मी विचारलं.

"येते. अन् शेवटी अजून एक गंमत. त्याले उलटं विचारता येते, की तुह्याकडे किती डाव आले होते. तीनदा नसन आले तर परीक्षा नापास."

म्हणजे साक्षीदारही तेच. मला फार आवडलं हे. ह्यांनी कधी कोणाची खोटी साक्ष दिली नाही.

तिने बटण दाबलं आणि पट्टी लालभडक झाली. मी कपाळाला हात लावला. ती मात्र टाळी वाजवून म्हणाली, "पाय आजी, नागोराव म्हणून राह्यला, तीनदा पाहिजे होतं, एकदाच आले."

नापास झाल्यावर खूश होणारी पोरगी मी पहिल्यांदा पाहिली. पण मला तिचं समजलं. आता निदान चूक दिसली तरी.

१५ डिसेंबर, सोमवार

हिरवी.

दोन पोळ्या आणि वालाची भाजी खाल्ली. ओव्याने गुण आला.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज फाटकात जास्तच गर्दी. बातमी पसरली होती की मशीनची परीक्षा आहे. मला नंदकिशोरने जाऊ नको म्हटलं, गुडघे दुखतात. मी म्हटलं, गुडघ्याने कापूस पाहायचा नाही.

आता सळई तीनदा जाते. वरून, बाजूने, खालून. दवाने भिजलेल्या चार गाड्या आल्या, चारही घेतल्या, वरचा थर ताडपत्रीवर पसरला. मग एक ट्रॅक्टर आला. वरून आठ, मालक खुशीत बिडी पेटवायला निघाला. बाजूने सोळा. खालून अठरा. चिठ्ठी निघाली, 'परत'.

"अरे, वरून तर आठ म्हणाली," तो माणूस म्हणाला.

हरिसिंगने बाही वर केली, खालून हात घातला आणि ओला गोळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्या माणसाने गोळ्याकडे पाहिलं, मग आपल्या ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टर वळवला.

दुपारी हरिसिंगने कागद लिहून दिला. जिनिंगचा छापील कागद, खाली शिक्का. मला वाचून दाखवला. "सदर मशीनचा प्रोग्राम कुमारी अनघा यांनी बनविला असून माझ्या जिनिंगमध्ये चालू आहे व शेतकऱ्यांची तक्रार नाही." शेवटचे चार शब्द त्याने आपल्या मनाने घातले. अनघाने तो कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, चुरगळू नये म्हणून. एवढं तर तिने कॉलेजच्या मार्कशीटला जपलं नव्हतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

नागपूरहून संध्याकाळच्या एसटीने आली. तीन माणसं समोर बसली होती म्हणे, थंडगार खोलीत. केलेलं काम दाखवा म्हणाले. तिने जिनिंगच्या परीक्षा दाखवल्या. त्यातल्या एकाने विचारलं, सगळे लोक मॉकला मॉक म्हणतात, हा नागोराव कोण आहे?

"मंग तू काय सांगतलं?"

"म्हटलं, माझे आजोबा. ग्रेडर होते. एका गाडीत तीनदा हात घालत."

तो माणूस हसला नाही म्हणे. लिहून घेतलं त्याने.

मी तोंडावर पदर घेतला. नागपूरच्या साहेबाने ह्यांचं नाव लिहून घेतलं. हे असते तर म्हणाले असते, काय नाटकं करता. आणि मग दोन दिवस मिशीत हसत फिरले असते.

२७ डिसेंबर, शनिवार

कागद आला. अनघाला घेतलं. एक जानेवारीला नागपूरला हजर व्हायचं. नंदकिशोर बाजारातून पळत आला, चप्पल बाहेर काढायची विसरला, आणि पोरीला नुसतं जवळ घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, एवढं काय, वरचीच जागा मिळाली ना. आणि अनघाला विचारलं, "पुण्याची कंपनी रागावणार नाही का वो? एवढी सुटी दिली त्यायनं तुले."

दोघं बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. मग अनघा माझ्यापाशी येऊन बसली.

"आजी, सुटी नव्हती. मले दिवाळीच्या आधीच काढून टाकलं होतं. अकरा जणायले एका दिवशी. बाबाले माहीत होतं. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

मी म्हटलं, साखर आणते, आणि आत गेली. साखर वाटली सगळ्यांना. हंसाबाईलाही दिली.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी चष्मा लावून ही डायरी पहिल्यापासून वाचली. कापलेलं पान. कुकर. निळा पट्टा. ताटात फिरवलेली पोळी. नंदकिशोरने बंद केलेला टीव्ही. सगळं आहे इथे, माझ्याच अक्षरात. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. आणि मी पोरीला ओवा देत होती. कंपनीचा जीव आहे म्हणून लिहीत होती.

पानं फाडावी वाटली. फाडली नाहीत. चूक दिसते ती बरी.

अनघा खोलीत सामान बांधत होती. कुकर पेपरात गुंडाळत होती. मी जाऊन खाली बसली आणि विचारलं, "काढलं त्या दिवशी तुले काय म्हणाले ते?"

"जाऊ दे ना आजी. झालं आता."

"कोण म्हणालं? कुठं बसवलं होतं तुले?"

तिने कुकरचं झाकण उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "नवीन वर्षात बरं होईन सगळं," असं काहीतरी म्हणाली. मी ते झाकण तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

मग ती बोलली. हळूहळू, मधे थांबत. खोली कोणती होती, कोण होतं, तिने काय विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं. घरमालकिणीला काय सांगितलं. एसटीत बसल्यावर काय काय डोक्यात आलं. स्वयंपाकघरातलं दूध उतू गेलं, त्याचा वास आला, दोघींपैकी कोणी उठलं नाही.

काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. दीड तास झाला असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि मधे एकदाही बोलली नाही.